वावरातल्या कुत्र्याचं घर : प्रकल्प नोंदी, रावेर तालुका

१८ फेब्रुवारी २०२४
काम ठरलं. तीन वावरं, चार कुत्री. एक वावर पाल रस्त्याला सातपुड्याच्या पायथ्याशी, एक सावद्याजवळ, एक तापीकाठाला. तिन्ही केळीची. कुत्री राखणीला, कारण मोटार, केबल, ठिबकच्या नळ्या रात्रीतून गायब होतात. दर मे महिन्यात माझ्याकडे धापा टाकणारी, मानेत अळ्या पडलेली अशी कुत्री येतात. इंजेक्शन देऊन परत त्याच खुंट्याला पाठवायचं, याचा कंटाळा आला. यंदा उन्हाळ्याआधी त्यांची राहायची जागाच बदलून पाहायची. खर्च शेतकऱ्याचा, डोकं आणि मजुरी आमच्या गटाची.

पायथ्याच्या वावरातला काळू आज नीट पाहिला. लोखंडी खुंटा, त्याला जेमतेम सहा फुटांची साखळी, तीही गुरांची. खुंट्याभोवती त्याच्या पायांनी पडलेलं वर्तुळ, माती खळ्यासारखी टणक. वर्तुळाच्या आत पत्र्याचा डबा म्हणजे घर, एक फुटका टोपला आणि विष्ठा. बाहेर दोन हातांवर निंबाची दाट सावली. साखळी तिथपर्यंत पोचत नाही. खुंटा ठोकताना सावलीचा विचार कोणी केला नव्हता, कारण तो पावसाळ्यात ठोकला होता.

२५ फेब्रुवारी
आज काही बांधलं नाही, फक्त बसून पाहिलं. दुपारी एक ते चार. काळू डब्यात एकदाही गेला नाही. डब्याच्या मागे त्याने कोपरभर खड्डा उकरलाय, त्यात पोट टेकून पडतो. खालची माती ओलसर, गार. त्याला घर कसं हवं ते त्याने आधीच सांगून ठेवलंय, आपण वाचायचं.

सावद्याची मोत्या आणि राणी वेगवेगळ्या खुंट्यांवर, एकमेकींना दिसतात पण नाक लागत नाही. साखळ्या ताणून दोघी एकमेकींकडे तोंड करून पडतात. सालदाराची बायको म्हणाली, "सोडल्या तं दोघी एकाच ठिकानी झोपतीन." मग का बांधल्या वेगळ्या? याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, मालकाकडेही नसावं.

३ मार्च
वाचन. साखळीवरच्या कुत्र्यांवर नीट अभ्यास कुठे झालाय हे शोधायला गेलो की माणूस थेट अलास्कात पोचतो. बर्फावर गाडी ओढणारी कुत्री तिथे पिढ्यान् पिढ्या साखळीवर ठेवतात. एकेकाकडे तीस-चाळीस कुत्री, प्रत्येकाचा खुंटा, प्रत्येकाची लाकडी खोकी. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९९७ मध्ये परवानाधारक विक्रेते आणि प्रयोगशाळांना कुत्री कायम साखळीवर ठेवायला बंदी केली, तेव्हा साहजिकच प्रश्न आला : साखळी काढून जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलं तर कुत्र्याचं खरंच भलं होतं का? कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी अलास्कन स्लेजच्या कुत्र्यांवरच हे तपासलं. तीच कुत्री काही काळ साडेतीन मीटरच्या साखळीवर, काही काळ पिंजऱ्यात. निष्कर्ष २००१ मध्ये छापून आला. वागण्यात फार मोठा फरक निघाला नाही. दोन्हीकडे कुत्री बराच वेळ नुसती पडून.

हा अभ्यास हातात घेऊन कोणीही म्हणेल, बघा, साखळीत काही वाईट नाही. पण ती कुत्री कोणती? हंगामात रोज मैलोन् मैल पळणारी. अलास्कातल्या अँकरेज ते नोम या गावांमधली शर्यत १९७३ पासून चालते, सुमारे १६०० किलोमीटरची. शर्यतीत एकेक कुत्रा दिवसाला दहा हजार कॅलरीच्या आसपास खातो. असा कुत्रा खुंट्यावर येतो तो झोपायला. आमचा काळू खुंट्यावर राहतो. तिथली साखळी उचलून इथे आणता येईल, पण तिथलं पळणं सोबत येत नाही. हे वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

घेण्यासारखं मात्र बरंच आहे. त्यांच्या खुंट्याच्या डोक्यावर गरगर फिरणारी भोवरकडी असते, त्यामुळे साखळी गुंडाळून आखूड होत नाही. खोक्याचं छप्पर सपाट, कारण कुत्र्यांना वर चढून चहूकडे बघत बसायला आवडतं. आत पेंढा घालतात, गोधडी नाही. गोधडी ओल धरते आणि गोठते, पेंढा कोरडा राहतो. आणि शेजाऱ्याशी नाक लागेल पण साखळ्या अडकणार नाहीत, इतकं अंतर मोजून ठेवतात. मोत्या-राणीचा प्रश्न तिकडे कधीच सुटलाय.

१० मार्च
तापीकाठच्या नानांशी वाद. वय पंच्याहत्तरच्या पुढे, बाग अजून स्वतः बघतात. साखळी लांब करायला तयार, रोज सोडायला नाही.
"डॉक्टर, सोडलं तं पयून जाईन. मंग राखन कोन करीन?"
"नाना, बांधलेला कुत्रा राखण काय करतो? भुंकतो. चोराला साखळीची लांबी माहीत असते."
"भुंकलं तरी पुष्कळ."

खरं तर कायदा नानांच्या विरोधात आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, कलम ११. अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने जनावर अवाजवी काळ बांधून ठेवणं हा गुन्हा. शिवाय कुत्र्यासाठी वेगळं पोटकलम : कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसा व्यायाम दिला नाही, तर तोही गुन्हा. १९६० साली कोणीतरी इतका नेमका विचार केला होता याचं मला आश्चर्य वाटलं. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये. तेवढ्यात आज शेवभाजीची प्लेटही येत नाही. त्यामुळे कायद्याचं नाव मी नानांपुढे काढलंच नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१२ पासून स्लेजच्या कुत्र्यांसाठी खास नियम आहेत, त्यात चोवीस तासांत किमान एकदा सोडणं बंधनकारक. तेही नाही काढलं. कॅनडा ऐकून नाना चहासुद्धा देणार नाहीत.

अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातल्या, १९९४ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात चावणाऱ्या कुत्र्यांत साखळीवरची कुत्री जास्त निघाली होती. हे मात्र सांगितलं, कारण नानांचा नातू मे महिन्यात पुण्याहून येतो. त्यावर ते गप्प बसले. गप्प म्हणजे अर्धा होकार.

१७ मार्च
या आठवड्यात सापडलेली सगळ्यात कामाची गोष्ट अलास्काची नाही, जहाजावरची आहे.

नॉर्वेचा शोधक आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर गेला तो ग्रीनलंडची कुत्री घेऊन. १९१० च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेतून ‘फ्राम’ जहाजावर ९७ कुत्री चढली. ध्रुवापर्यंत बर्फ ठीक आहे, पण वाटेत विषुववृत्त लागतं. दुहेरी केसांची ही कुत्री उष्ण कटिबंधातून आठवडेच्या आठवडे उघड्या डेकवर न्यायची होती. त्यांनी दोन गोष्टी केल्या. मूळ डेकवर थोडं उंचावर फळ्यांचा दुसरा, सुटा डेक घातला, म्हणजे धुतलेलं पाणी, पावसाचं पाणी खालून निघून जाईल आणि पोटाखाली हवा खेळेल. आणि वर कापडाचं छत ताणलं. शिवाय कुत्री माणसांमध्ये वाटून दिली, ज्याची त्याने सांभाळायची. पुढे एकमेकांची ओळख पटल्यावर डेकवर मोकळीही सोडली. १९११ च्या जानेवारीत जहाज अंटार्क्टिकाच्या काठाला लागलं तेव्हा कुत्री ११६ होती. वाटेत पिल्लं झाली.

त्यांतली बरीच पुढे ध्रुवाच्या वाटेवर मारून खाल्ली गेली, ते काही कुत्र्यांच्या कल्याणाचं उदाहरण नाही. पण घराचा नकाशा मला मिळाला. उंच जाळीदार तळ, खालून हवा, वर सावली, आणि प्रत्येक कुत्र्यामागे एक माणूस. चौथी गोष्ट सुताराकडून होत नाही, पहिल्या तीन होतात.

२८ मार्च
बांधकाम, पायथ्याच्या वावरात. जागा बागेच्या आत घ्यायची की कडेला, यावर चर्चा झाली. मालकाचं म्हणणं, आत गारवा असतो. असतो, पण दमट असतो आणि वारा नसतो. कुत्र्याला पंज्याच्या तळव्यांखेरीज घाम येत नाही. तो जिभेवरचं, तोंडातलं पाणी उडवून अंग गार करतो, आणि दमट, कोंदट हवेत ते पाणी उडत नाही. म्हणून जागा बागेच्या कडेला, निंबाखाली, शेवरीच्या रांगेआड पण वारा लागेल अशी.

तळ जमिनीपासून फूटभर उंच, जुन्या सागाच्या पट्ट्या, मध्ये बोटाचं पेर जाईल एवढी फट. त्याहून मोठी नको, नखं अडकतात. तोंड पूर्वेला, कारण दुपारचं ऊन आणि झळ दोन्ही पश्चिमेची. पश्चिमेची भिंत पक्की, उत्तर-दक्षिणेच्या भिंती बिजागऱ्यांवर : उन्हाळ्यात वर उचलून टेकू द्यायचा, थंडीत बंद. रावेरला डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो हे मे महिन्यात कोणाला आठवत नाही.

छपराला पत्रा घ्यायचा नाही यावर मी ठाम होतो. सुतारदादा म्हणाले, मग धाबं करू. आपल्याकडची जुनी घरं धाब्याचीच. लाकडी फळ्या, त्यावर तुराट्या, त्यावर केळीची वाळकी पानं, वर पांढऱ्या मातीचा चार बोटं थर. सपाट, म्हणजे काळूला वर बसायला गच्चीसुद्धा. साखळी दहा फुटांची, हलकी, खुंट्याला आणि पट्ट्याला दोन्हीकडे भोवरकडी. जुनी साखळी तोलून पाहिली. हातात घेतल्यावरच कळत होतं की ती बैलासाठी होती.

संध्याकाळी काळूने घर हुंगलं, पाय वर केला, आणि खाली जाऊन तळाखालच्या सावलीत पडला. आत नाही, खाली! तीही जागा चालेल. तिथली माती रोज घागरभर पाण्याने भिजवायची असं ठरवलं.

६ एप्रिल
पाणी. खरा घोळ इथेच असतो. टोपला साखळीत अडकून सांडतो, पुन्हा भरायला दुपारी कोण येणार? सावद्याला छोटी सिमेंटची डोणी अर्धी जमिनीत गाडली. ठिबकच्या नळीला एक बारीक नळी जोडून ती आपोआप भरत राहील, अशी मालकाची कल्पना. ऐकायला झकास. पण सालदाराची बायको तिथेच उभी होती, ती म्हणाली, "त्याच नयीतून युरिया सोडतात ना भो."

बरोबर. केळीला ठिबकातून युरिया, पोटॅश जातं. खताचं पाणी डोणीत साचलं असतं तर कुत्र्यांना विषबाधाच. आता खताच्या टाकीच्या आधीच मुख्य पाइपाला तोटी काढून तिथून वेगळी नळी घेतलीय. ही सूचना तिन्ही वावरांच्या कागदावर पहिल्या ओळीत.

२१ एप्रिल
जळगावात ओळखीच्या भाऊंनी त्यांचा हस्की जातीचा कुत्रा बघायला घरी बोलावलं. प्रकल्पात बसत नाही, तरी नोंद करतो.

दोन वर्षांचा नर, निळे डोळे, देखणा. आठ बाय दहाच्या खोलीत चोवीस तास एसी. भाऊंनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, बिल किती येतं ते. तापमानाची तक्रार करायला जागाच नव्हती. दाराची चौकट मात्र खालून हातभर कुरतडलेली, पुढच्या पायावर चाटून चाटून केस गेलेला रुपयाएवढा चट्टा, आणि आम्ही बोलत होतो तेवढा वेळ तो पलंग आणि दार यांमध्ये येरझाऱ्या घालत होता. या जातीची मुळं ईशान्य सायबेरियातल्या चुकची लोकांकडची. १९०९ च्या सुमारास ती अलास्कात नोमच्या शर्यतींसाठी आणली गेली, ती दूर आणि न थकता पळतात म्हणून.

भाऊंचा प्रश्न होता, उन्हाळ्यासाठी केस भादरू का? नको म्हणालो. दुहेरी केस उन्हाची तिरीपही अडवतात आणि भादरल्यावर नीट परत येतीलच असं नाही. मेलेली लोकर विंचरून काढा. एसी असू द्या, पण पहाटे साडेचारला उठून त्याला मेहरूण तलावाकडे तासभर पळवा. भाऊ म्हणाले, "साडेचारला? सर, तेवढं सोडून बोला."

नाना आणि भाऊ एकच बोलले. एकाकडे साखळी, दुसऱ्याकडे एसी.

१० मे
आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. गावात झोके, घराघरात पुरणपोळी, लेकी माहेरी, काम बंद. तेराला मतदान, त्यामुळे सुतारदादा आणि गाडी दोन्ही पुढच्या आठवड्यापर्यंत मिळणार नाहीत. नानांचं घर अर्धवट, छप्पर राहिलंय. तूर्त वर दुहेरी हिरवी नेट, दोन थरांत वीतभर अंतर ठेवून.

नानांचा नातू आलाय, नऊ वर्षांचा. कुत्र्याला हात लावू नको म्हणून बजावलंय, म्हणून अर्थातच तो दिवसभर कुत्र्यापाशी. आजोबांना न विचारता त्याने साखळी सोडून सुती दोरी लावली आणि तापीच्या उतारापर्यंत जाऊन आला. कुत्रा पळाला नाही. नानांनी मला फोन करून हे तक्रारीच्या सुरात सांगितलं.

२४ मे
सावलीत ४५. पायथ्याच्या वावरात दुपारी अडीचला जुन्या पत्र्याच्या डब्यात तापमापी ठेवली : ५१. काळूच्या धाब्याखाली ४२, तळाखालच्या ओल्या मातीपाशी ३७. या एका नोंदीसाठी डबा अजून भंगारात दिला नव्हता, आता देतो.

दुपारी शेजारच्या गावातून प्रकल्पाबाहेरचं एक कुत्रं आणलं. रिक्षात आडवं, हिरड्या गर्द लाल, लाळेची तार, अंगात ४१.६. कुत्र्याचं नेहमीचं ३८ ते ३९. तासाभराच्या रस्त्यात कोणी पाणी ओतलं नव्हतं, "दवाखान्यात आधी पोचू" म्हणून. उलटं करायचं असतं. आधी जागेवरच पोट, जांघा, पंजे पाण्याने भिजवा, वारा घाला, मग निघा. आणि पाणी ओतण्याआधी नळी थोडा वेळ वाहू द्या, उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी चटका देतं. कुत्रं वाचलं. मालकाला सावली कुठे आहे विचारलं तर म्हणाला, ट्रॅक्टर उभा असला की त्याखाली.

२ जून
पायथ्याच्या बाजूला बिबट्याचे ठसे. सातपुड्याच्या कडेला हे नवीन नाही, आणि कुत्रं बिबट्याचं आवडतं खाद्य. साखळीवरचं कुत्रं म्हणजे तर ताटात वाढलेलं, पळायची सोयच नाही. रात्री मोकळं सोडावं तरी भीती. म्हणून रात्रीपुरता जाळीचा पिंजरा, घर आत घेऊन, वरूनही जाळी, कारण बिबट्या चढतो. दिवसा साखळी, रात्री पिंजरा. कॉर्नेलवाल्यांनी दोन्हींमध्ये फरक कमी पाहिला, पण त्यांच्या पाहणीत बिबट्या नव्हता.

मोकळं सुटण्याचा प्रश्न सालदाराने सोडवला. शेतीची लाईट आठवड्याआड रात्री असते. लाईट आली की तो आणि त्याचा भाऊ बॅटऱ्या घेऊन मोटार चालू करायला जातात, मग सगळ्या बागेला फेरी मारून नळ्या बघतात. काळू आता सोबत जातो. मी व्यायामाचं वेळापत्रक लिहून दिलं होतं, ते कोणी पाळलं नव्हतं. काम दिलं तर आपोआप जमलं. फेरीत काळू पुढे पळतो, थांबतो, मागे बघतो. गाडी नाही एवढंच, बाकी त्याला धंदा मिळाला. लाईट दिवसाची असेल त्या आठवड्यात पहाटे फेरी.

भुंकणं कमी झालंय असं मालक म्हणतात, थोडे नाराज होऊन. मागच्या आठवड्यात मात्र शेजारच्या बांधावर दोन अनोळखी माणसं दिसली, तेव्हा फेरीवरच्या काळूनेच आधी हेरलं. आता नाराजी गेलीय.

२० जून
पाऊस झाला. धाब्याची माती एका कोपऱ्यातून वाहिली, तिथे पुन्हा लिंपून वर प्लॅस्टिकचा कागद. पट्ट्यांमध्ये गोचीड शिरायला लागलेत. पाऊस उघडला की तळ उचकटून उन्हात, फटींना चुना, पेंढा महिनाभर बंद. रेबीजची लस चौघांना झाली. राणीची नसबंदी पावसाळ्यानंतर.

मोत्या-राणी आता एकाच मोठ्या घरात. दोघींना मिळून पंचवीस फुटांची तार ताणून त्यावर सरकणाऱ्या कड्या लावायचा विचार होता, पण साखळ्या एकमेकींत अडकतील. त्याऐवजी आलटून पालटून : एक तारेवर, एक सालदारणीच्या मागेमागे मोकळी.

नानांचा नातू पुण्याला परत गेला. छप्पर पूर्ण झालं, भोवरकडी बसली, डोणी झाली. सोडायचं कोणी, हे शिल्लक. नानांना गुडघ्यांमुळे फेरी जमत नाही, त्यांचा सालदार रात्री गावात झोपायला जातो. काल फोनवर म्हणाले, "तो पोऱ्या दिवाईले येईन तवा सोडीन." दिवाळी चार महिने लांब. शेजारच्या वावरातल्या पावरा कुटुंबाच्या थोरल्या मुलाशी बोललोय, तो सकाळी बकऱ्या घेऊन काठाने जातो. कुत्रं सोबत न्यायला महिन्याला किती घेशील विचारलं. आधी कुत्रं बघतो म्हणाला. रविवारी सकाळी सातला दोघांची भेट घालायची आहे, पट्टा आणि सुती दोरी मी न्यायची.